चौथं कडवं

३ तारीख, सोमवार

पोहोचलो एकदाचा. लेकीनं बॅग कपाटात रिकामी केली, गादी दाबून पाहिली, खिडकीची कडी दोनदा काढून-लावून पाहिली. मग चष्मा उशाखाली ठेवायचा नाही, गोळ्या जेवणानंतरच, रविवारी फोन, असा तीन ओळींचा पाठ माझ्याकडून वदवून घेतला आणि गेली. चाळीस वर्षं मी पोरांकडून वदवून घेत आलो, आता माझी पाळी.

खोली झकास आहे. पलंग, खुर्ची आणि खिडकीला लागून एक टेबल. टेबलावर कुणाच्या तरी पेनाच्या जुन्या शाईचा डाग आहे, त्यामुळे मला एकदम घरच्यासारखं वाटलं. उशाशी लांब वायरला लोंबणारं एक लाल बटण आहे. ते दाबलं की सिस्टर येते. कौतुक म्हणून एकदा दाबून पाहिलं. ती आली आणि म्हणाली, मास्तर, हे खेळणं नाही हं. मी कान पकडले. मला मास्तर कसं ठरवलं, विचारलं, तर म्हणे तुम्ही आल्या आल्या दारावरच्या पाटीतलं शुद्धलेखन सुधारलंत ना.

या केंद्रात विसराळू म्हाताऱ्यांवर एका औषधाची तपासणी चालते. तीन आठवडे राहायचं, रोज रोजनिशी लिहायची. डॉक्टरीणबाईंनी कोरी वही दिली आणि निघायच्या दिवसापर्यंत ती कुणी उघडणार नाही, असा शब्द दिला. कोऱ्या वहीचा वास घेतला. शाळा सुरू झाल्यासारखं वाटलं. आज झोप छान लागणार.

४ तारीख, मंगळवार

मी इथं का आलो, हे आधी लिहून ठेवतो.

हिला जाऊन अकरा वर्षं झाली. ती माझ्याच शाळेत खालच्या वर्गांना शिकवायची आणि एका पाठकोऱ्या वहीत कविता करायची. कुठं छापल्या नाहीत. वाचून दाखवायची फक्त मला, आणि मी मेला बोटांवर मात्रा मोजत बसायचो. तुमच्यासारख्या माणसाला वाचून दाखवणं म्हणजे शिंप्यापुढं नाचणं, तो फक्त शिवणच बघणार, असं म्हणायची. आता लेक त्या कवितांचं छोटं पुस्तक करते आहे. सगळ्या जमल्या, फक्त शेवटची अर्धी आहे. वहीतलं ते पान फाटलेलं आहे, घर बदलताना कुठं गेलं असेल. तीन कडवी मला पाठ आहेत.

दार जरासे लोटुन घे रे,
वारा आला अंगणभर;
जपून ठेवी ऊब घरातिल,
उरली आहे ओंजळभर.

लोटुन घे रे दार जरासे,
धूळ उडाली वाटेवर;
गेलेल्यांच्या पाऊलखुणा
पुसून जाऊ दे सत्वर.

दार जरासे लोटुन घे रे,
दिवा ठेविला मेजावर;
उजेड थोडा, काळोखहि पण
हवा जिवाला घटकाभर.

चौथं कडवं होतं. तिनं वाचलं होतं, मी ऐकलं होतं, एवढं पक्कं ठाऊक आहे. पण शब्द हाती लागत नाहीत. लेक म्हणते, राहू दे बाबा, तीनच छापू. मला ते पटत नाही. अपुरं पुस्तक आईच्या नावानं निघावं आणि ते माझ्या डोक्यापायी?

तेवढंच कडवं मागायला मी इथं आलो आहे. जगाची स्मृती सुधारायची त्यांनी सुधारावी.

ती गेली तेव्हा मी घरी नव्हतो. रविवारची दुपार होती. लाल रिफिल संपली म्हणून कोपऱ्यावरच्या दुकानात गेलो होतो. परत आलो तर ही आरामखुर्चीत, वही मांडीवर, मान कलती. झोपेतच गेली. असं मरण सगळ्यांना यावं.

५ तारीख, बुधवार

आज डॉक्टरीणबाईंनी सगळं समजावून सांगितलं. बाई हुशार. माझ्या वर्गात असत्या तर पहिल्या बाकावर बसल्या असत्या.

शरीरात म्हणे असंख्य कात्र्या चालू असतात. अन्न कापणाऱ्या, रक्त गोठवणाऱ्या, जुनं मोडून नवं करणाऱ्या. मोकळ्या सोडल्या तर त्या शरीरालाच कापत सुटतील. पोटात अन्न पचवणारा रस ज्या ग्रंथीत तयार होतो, तिथंच तो जागा झाला तर ग्रंथीलाच पचवून टाकेल. म्हणून शरीर स्वतःच कात्रीच्या पात्यांत अडकवायला एक काडी बनवतं. तशीच कुलपंही असतात. योग्य किल्ली लागली की आत काहीतरी सुरू होतं, दुखणं, भूक, भीती, आठवण. आणि तिथंही शरीर एक मुकी किल्ली बनवून ठेवतं. ती कुलपात बसते, पण फिरत नाही. ती बसली असेतो दुसरी शिरत नाही. मी म्हटलं, म्हणजे वर्गातला आडदांड पोरगा, स्वतः उत्तर देत नाही आणि दुसऱ्याला पुढं येऊ देत नाही. बाई खूप हसल्या. त्या म्हणाल्या की आपण जगतो ते या अडवणाऱ्यांच्या जिवावर, चालवणाऱ्यांच्या नाही.

आठवणीच्या कुलपातही अशी मुकी किल्ली असते. म्हातारपणी शरीर त्या जरा जास्तच बनवतं. यांचे थेंब त्या उपसून काढतात. पण आधी माझ्या रक्तातून माझ्याच मुक्या किल्ल्या थोड्या वेगळ्या काढून एका कुपीत ठेवल्या आहेत. कुपीवर सतरा नंबर. शीतकपाटात तिसऱ्या फळीवर आहे, बाईंनी दाखवली. बोटाच्या पेराएवढं फिकट पाणी. माझं सगळं विसरणं त्यात!

नियम सोपा आहे. सिस्टर रोज सकाळी तीस शब्द वाचते आणि दुसऱ्या सकाळी ते म्हणायचे. बावीस आले की थेंब बंद, आणि कुपी परत माझ्या दंडात. आकडा वाढला नाही तर दर दोन दिवसांनी थेंब वाढवतात. बाई दोनदा बजावून म्हणाल्या, बावीसला थांबायचं म्हणजे थांबायचं. तीच किल्ली शरीरात आणखी कितीतरी कुलपांना लागते, सगळीच दारं उघडून चालणार नाही.

आज दोन थेंब जिभेवर. चव खडूच्या भुकटीसारखी.

७ तारीख, शुक्रवार

काल नऊ शब्द, आज तेरा. सिस्टर म्हणाली, मास्तर, नापास होताय हं. मी म्हटलं, अगं, मी नापास पोरांचाच लाडका.

शेजारच्या खोलीतल्या माणसाशी गट्टी जमली आहे. जन्मभर बसमध्ये कंडक्टर होता. बायको गेली, पोरं लांब. कानात अजून इंजिनाची घरघर, म्हणून मोठ्यानं बोलतो. बाईंचं ते कात्र्या-कुलपांचं पुराण त्याला एका वाक्यात कळलं. म्हणाला, मास्तर, ड्रायव्हर काय, सगळेच असतात. गाडी चालते कंडक्टरच्या घंटीवर. दोन घंट्या म्हणजे चल, एक म्हणजे थांब. बाई आपली एकाची घंटी काढून घेतायत, बघा बरं, उतारावर असाल तर जपून!

आमच्या खोल्यांमधली भिंत पातळ आहे. चहाची वेळ झाली की तो दोनदा ठोकतो, मी निघतो. मी वाचत असलो की एकदा ठोकतो, म्हणजे चहा येतोय, जागेवर थांबा. मी विचारलं, तीन घंट्या कधी? तो म्हणाला, तीन म्हणजे काहीतरी अघटित. गाडी आहे तिथं उभी करायची आणि मागं वळून बघायचं. अख्ख्या नोकरीत दोनदाच दिल्या म्हणे.

९ तारीख, रविवार

कंडक्टर पास! चोवीस शब्द. आज त्याला त्याची कुपी परत टोचली. आता फक्त देखरेखीसाठी दोन आठवडे राहील. म्हणाला, बरं झालं. परवा एका बाईचे सुटे पैसे द्यायचे राहिले होते ते आठवलं, वीस वर्षांपूर्वीचे, तिची साडी कसली होती तेसुद्धा. असल्या गोष्टी घेऊन कुठं जगायचं?

माझं मात्र काय सांगू! आज पहाटेपासून शाळेतली पहिली कविता, दुसरी, तिसरी, सगळ्या ओळीनं उभ्या राहिल्या. पाचवीतल्या गुरुजींच्या टोपीचा वास आला. पाटी पुसायच्या ओल्या फडक्याचा वास आला. मी खिडकीशी बसून इतका रडलो, पण गोड रडलो. आणि चहा पिता पिता हिचा आवाज आला, तिचा खास कवितेचा, किंचित नाकातला,

लोटुन घे रे दार जरासे —

चौथ्या कडव्याची पहिली ओळ! हीच होती. पुढची ओळ दाराआड उभी आहे, पदर दिसतो आहे.

सिस्टरनं विचारलं तेव्हा तिसांतले सत्तावीस डोक्यात टाळ्या वाजवत होते. सत्तावीस सांगितले असते तर आजच दार बंद. मी सोळा सांगितले.

हो, खोटं बोललो. चाळीस वर्षं पोरांची कॉपी पकडली आहे. कच्चा चोर शेवटचे शब्द गाळतो, म्हणून लगेच सापडतो. खरा विसरणारा मधले विसरतो, पहिला आणि शेवटचा त्याला आठवतोच. मी मधले गाळले, एकदा अडखळलो, एक शब्द चुकीचाही सांगितला. सिस्टरनं पाठ थोपटली. म्हणाली, येतंय हो मास्तर, हळूहळू.

१२ तारीख, बुधवार

काल पंधरा सांगितले, आज सतरा. थेंब आठ झाले.

आता ओळी येतात त्या एकेकट्या येत नाहीत. काल दुपारी गंमत म्हणून एका जुन्या वर्गाची हजेरी म्हणू लागलो. एकोणपन्नास नावं, एक चुकलं नाही. मग त्याच्या पुढच्या वर्षाची. मग त्याच्या पुढची. जेवण आलं, गार झालं, सिस्टर ओरडली. तोंडात घास होता तरी आत हजेरी चालूच होती. थांबवायला गेलो तर थांबवायची कळ कुठं असते, तेच सापडेना. आजवर मी कधी थांबवलं होतं? आपोआप थांबायचं.

कंडक्टर म्हणाला, मास्तर, चेहरा उतरलाय, खरं सांगा, किती आठवतात? मी म्हटलं, सतरा. तो तिकीट न काढलेल्या माणसाकडं बघावं तसं बघत राहिला.

पुढची ओळ अजून नाही. दोन दिवस आणखी, मग खरे आकडे सांगून टाकीन.

१४ तारीख, शुक्रवार

डावा पाय सकाळपासून भाजतो आहे. सहा वर्षांचा असताना माझ्या पायावर उकळतं दूध सांडलं होतं. ते आठवलं, आईचा हात, थंड पाणी, सगळं. मोजा काढला तर घोट्यावर फोड आले आहेत. टचटचीत, पाणी भरलेले. बासष्ट वर्षांपूर्वीचे फोड.

बाई म्हणाल्या होत्या, तीच किल्ली आणखी कितीतरी कुलपांना लागते.

मोजा परत चढवला. सांगितलं तर थेंब बंद होतील.

आणखी एक. रिफिल मी रविवारी आणली नव्हती. शनिवारी संध्याकाळी आणली होती. तीन घेतल्या, दुकानदाराकडं सुट्टे नव्हते म्हणून त्यानं एक खोडरबर दिला, हिरवा. रविवारी दुपारी तिन्ही टेबलाच्या खणात होत्या. मग दुकानात कशाला गेलो होतो मी?

१६ तारीख, रविवार

लेकीचा फोन आला. पुस्तक छापायला जायला आठवडा आहे, पुढच्या रविवारी न्यायला येते, मिळालं का कडवं, असं विचारलं. मी म्हटलं, मिळेल. मग तिनं अकरा वर्षं विचारत आली आहे तेच विचारलं. आई त्या वेळी एकटीच होती ना हो बाबा? तिनं कुणाला हाक मारली असेल का? मी नेहमीचंच सांगितलं. दुकानात गेलो होतो, आलो तेव्हा शांत झोपल्यासारखी होती. लेक म्हणाली, तेवढंच बरं वाटतं.

बोलत होतो तेव्हा माझ्या हातात फोन नव्हता. लाल पेन होतं. बोटांना त्याची कड लागत होती. पेन नव्हतंच, पण अंगठ्यावर लाल डाग आहे. साबणानं जात नाही.

१७ तारीख, सोमवार

दुपारी तीनला ही खोली नसते.

टेबल तेच असतं. त्याच्यावर सहामाहीचे पेपर. डावीकडं तपासलेले, उजवीकडं राहिलेले. राहिलेले पाच. मागं आरामखुर्ची करकरते. मी वळत नाही. मला माहीत आहे ही बसली आहे, वाचते आहे. दार जरासे लोटुन घे रे. मी एक पाय हलवत ठेका धरतो. तिसरं कडवं संपतं.

म्हणजे मी घरात होतो.

सिस्टर आत आली तर मी टेबलावर नुसता हात फिरवत होतो म्हणे. काय करता? पेपर तपासतो. ती हसली. मी नाही हसलो.

१८ तारीख, मंगळवार

लिहायलाच हवं. इथं नाही तर कुठं —

ती चौथं कडवं वाचू लागली. लोटुन घे रे दार जरासे. थांबली. बराच वेळ. मग म्हणाली, अहो, जरा इकडे या. आवाज कवितेचा नव्हता. नव्हता, हे मला कळलं. ऐकलं मी. नीट ऐकलं. आणि मान न वळवता म्हणालो, एवढे पाच पेपर संपवतो गं.

पाच संपवले.

पहिला एकतीस. दुसरा चोवीस. तिसरा चाळीस, सुंदर अक्षर. चौथा सतरा, त्यावर लिहिलं, अक्षर सुधारा. त्याच्यावर वेळ गेला. तोवर मागं एक आवाज येत होता. पाणी संपत आल्यावर नळ करतो तसा. पाचवा अठ्ठावीस. बेरीज दोनदा पडताळली.

मग वळलो.

पान मीच फाडलं. ओळीच्या शेवटी तिचं पेन खाली घसरत गेलं होतं, कागदाच्या कडेपर्यंत. ते कुणी बघू नये म्हणून. मग चपला घातल्या, दुकानात गेलो, चौथी रिफिल विकत घेतली, परत आलो. आणि दारात उभा राहून तिला पहिल्यांदा पाहिलं. असं पाहिलं की पुढं अकरा वर्षं तेच खरं झालं.

किती दयाळू होती ती मुकी किल्ली. मी तिला आडदांड म्हणालो.

१९ तारीख, बुधवार

काल रात्री कंडक्टरला सांगितलं. सगळं नाही, आकड्यांचं. रोज तीसच्या तीस आठवतात म्हणून. तो भडकला. मास्तर, ब्रेक फेल झालेली गाडी तुम्ही घाटात घातलीत, वर खिडकीत बसून कविता म्हणताय? उद्या सकाळी बाईंना तुम्ही सांगा, नाही तर परवा मी सांगतो. मग माझा हात धरून बसला. त्याचा हात गार होता. खांदा धरलाय म्हणाला, रात्री वळला असेल.

आज सकाळी सांगायला गेलो. बाई उद्या रात्रीपर्यंत बाहेर आहेत. सिस्टरला सांगणार होतो, पण हजेरी सुरू झाली. तोंड उघडलं की नावंच येतात.

मनगट सुजलं आहे. नववीत मोडलं होतं. तिथंच.

२० तारीख, गुरुवार

तीन वाजले. पेपर पाच.

भिंतीवर ठोकलं. तीन. थांबून परत तीन. मग माणसाचा आवाज, मास्तर, अहो मास्तर, जरा इकडे —

ही अशी नव्हती म्हणाली. ही म्हणाली होती, अहो, जरा इकडे या. मास्तर नव्हती म्हणाली. मला फरक कळला. खरंच कळला. लाल बटण हाताशी होतं. पण हात पेनावर. पहिला एकतीस. मी उठ म्हणतो, पाय उठत नाहीत, पाय त्या दिवशी उठले नव्हते म्हणून आजही — दुसरा चोवीस. परत तीन, हलकेच. तिसरा चाळीस, सुंदर अक्षर. चौथा

अक्षर सुधारा

पाचवा अठ्ठावीस. बेरीज दोनदा.

मग पाय सुटले. गेलो. तो भिंतीला टेकून बसला होता, मूठ भिंतीवरच. त्याचं बटण पलंगाखाली पडलं होतं. माझं हाताशी होतं.

२१ तारीख, शुक्रवार

बाईंना सगळं सांगितलं. पाय दाखवला, अंगठा दाखवला. त्यांचा चेहरा खडूसारखा झाला. म्हणाल्या, मी तुमच्यावर विश्वास ठेवला, मास्तर. थेंब बारा झाले होते. कुपी आहे ती दोन थेंबांच्या मापाची.

टोचली तरी. दंड गार पडला. अर्धा तास — पाऊण — डोक्यात काहीच नव्हतं. काहीच नाही. खिडकीबाहेर दोरीवर चादर हलत होती, ती नुसती चादर होती. एवढं सुख मी —

परत हजेरी.

बाई म्हणतात, शरीर नव्या किल्ल्या बनवील. कधी, सांगता येत नाही. बनवेल की नाही तेही —

भिंत गप्प आहे. मी आज दोनदा ठोकलं. चहाची वेळ झाली म्हणून.

२२ तारीख, शनिवार

आता तीन वाजायची वाट पाहत नाही. सकाळीही पाच पेपर. दुपारीही. संपले की वळतो, वळलो की चपला, रिफिल, दार. आणि परत राहिलेले पाच.

आता दोन हाका येतात. एक अहो. एक मास्तर.

छातीत काही नाही माझ्या. छाती ठणठणीत आहे. तेच तर —

लेक उद्या येणार. तिला सांगायला हवं, आईनं हाक मारली होती. सांगायचंच. आधी कडवं देईन मग सांगेन. की आधी सांगून मग — ती विचारेल, तुम्ही काय केलंत बाबा.

एकतीस. चोवीस. चाळीस.

२३ तारीख, रविवार

पायरव. लेकीचाच, डावी चप्पल घासते तिची, लहानपणापासून. आली. दारावर टकटक. एक. दोन.

तीन.

बाबा म्हणते आहे. बाबा, इकडे बघा ना. बाबा, मी आलेय. घाबरली आहे, आवाज आईचा आला आहे तिला. तिनं खांद्यावर हात ठेवला आहे. ऊन आहे हाताला. वळायचं आहे मला. वळलोच असतो गं. एवढे पाच —

रडते आहे. सिस्टरला हाक मारते आहे. थांब, थांब बाळ, रडू नको, मिळालं. सगळं मिळालं, जसंच्या तसं, जिथवर आहे तिथवर. लिहून देतो. हे छाप.

लोटुन घे रे दार जरासे,
अहो, जरा इ